प्रोव्हान्सचा किनारा पायी : वाचकांचे प्रश्न

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील, म्हणजे ऱ्होन नदीच्या मुखापासून इटलीच्या सीमेपर्यंतच्या पायवाटांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. बहुतेकांनी अंतर आणि चढ यांची चौकशी केली आहे. त्या किनाऱ्यावर मात्र चालणाऱ्याने आधी दोन गोष्टी विचारायच्या असतात : ठरवलेल्या दिवशी वाट उघडी आहे का, आणि वाटेत पाणी आहे का. उत्तरांचा रोख त्यामुळे मुख्यतः तिकडेच राहिला आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलांची शाळा सांभाळून मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी किंवा जुलै-ऑगस्टमधले दोन आठवडे यांपैकी एकच काळ आम्हाला निवडता येईल. सहल कंपनीचा माणूस जुलै-ऑगस्ट हाच तिकडचा ‘सीझन’ असल्याचे सांगतो. मार्सेय ते नीस या पट्ट्यात रोज थोडे चालण्याचा बेत आहे. कोणता काळ घ्यावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मे महिना घ्यावा. जुलै-ऑगस्ट हा वाळूवर पडून राहणाऱ्यांचा हंगाम आहे, आणि सहल कंपन्यांचा हिशोब त्यांच्याच सोयीचा असतो. आपल्याकडे कडक उन्हाच्या पाठोपाठ पाऊस येतो, म्हणून उन्हाळा कितीही तापला तरी त्याचा शेवट ठरलेला असतो. भूमध्य समुद्राच्या काठी उष्णता आणि कोरडेपणा एकाच वेळी येतात आणि सप्टेंबरपर्यंत एकत्रच मुक्काम करतात. मार्सेयला वर्षभरात साधारण 500 ते 550 मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाला जुलैच्या दोन-तीन दिवसांत तेवढा पाऊस मिळून जातो. मार्सेयच्या वाट्याला जुलैत येणारा पाऊस जेमतेम 10 मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्यामुळे जून संपेपर्यंत डोंगरावरचे सगळे झाडझाडोरे वाळून खडखडीत होतात, पांढऱ्या चुनखडीवरून ऊन उलटून तोंडावर येते, आणि वणव्याच्या भीतीने कोणता डोंगर उघडा ठेवायचा याचा निर्णय दररोज नव्याने होतो. विमानाची तिकिटे काढून गेलेल्या माणसाला हा रोजचा जुगार परवडत नाही.

मेमध्ये यातले काहीच आड येत नाही. रोझमेरी, थाइम आणि सिस्टसची झुडपे फुलोऱ्यात असतात, दुपारी चालता येईल इतपतच ऊन असते आणि सूर्य जवळजवळ रात्री नऊला मावळतो, त्यामुळे मुलांच्या चालीने जायलाही वेळ पुरतो. समुद्राचे पाणी मात्र 16-17 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबाने चांगलेच गार असते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

दिवाळीची सुट्टी हा दुसरा पर्याय वाईट नाही. समुद्र मेपेक्षा थोडा उबदार असतो आणि गर्दी ओसरलेली असते. परंतु शरद ऋतूत तापलेल्या समुद्रावरची वाफ किनाऱ्याच्या डोंगरांना अडून काही तासांत महिन्याभराचा पाऊस ओतते, आणि एरवी कोरड्या ठणठणीत असलेल्या घळींतून लोंढे येतात. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी घळीतून जाणारी वाट पूर्णपणे टाळावी. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या आरंभी सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, हे चालण्याचा हिशोब करताना विसरू नये. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी तो थंडीतच करून टाकलेला बरा, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणे कठीण होते.

प्रश्न : आमच्या गटाने अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असे अवघड ट्रेक केले आहेत. मार्सेयपासून कासीपर्यंत समुद्रकाठच्या कड्यांवरून जाणारी वाट तंबू घेऊन दोन दिवसांत करावी असा विचार आहे. डोंगराची उंची पाहता ती आम्हाला सोपी जाईल असे वाटते. (एक गिर्यारोहक, नाशिक)

उत्तर : तंबू घरीच ठेवावा. ही वाट ज्या कालांक राष्ट्रीय उद्यानातून जाते, त्याच्या गाभा क्षेत्रात रात्रीचा मुक्काम पूर्णपणे निषिद्ध आहे. तंबू न उभारता नुसते उघड्यावर झोपणेही त्यात आले, आणि चूल किंवा स्टोव्ह पेटवण्याचा तर प्रश्नच नाही. उद्यान 2012 साली स्थापन झाले. सुमारे 8,500 हेक्टर जमीन आणि तिच्या पाचपट, म्हणजे 43,500 हेक्टर समुद्र त्याच्या गाभ्यात आहे, आणि हे सगळे फ्रान्समधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला चिकटून आहे. शहराची बस सुटते ते ठिकाण आणि बोनेलीच्या गरुडाचे घरटे यांत काही किलोमीटरांचेच अंतर असल्यामुळे तिथले नियम आपल्याकडच्या गडांवरच्यापेक्षा कडक आहेत आणि ते पाळले जातात.

कालांक म्हणजे चुनखडीच्या उभ्या भिंतींमध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरांहून अधिक खाली असताना ओढ्यांनी कोरलेल्या या घळी पुढे पाणी चढल्यावर बुडाल्या. हे किती अलीकडचे आहे याचा पुरावा तिथेच आहे : कॉस्केर गुहेतल्या भिंतींवर घोडे, सील आणि पंख नसल्यासारखे दिसणारे समुद्रपक्षी आदिमानवाने रंगवले आहेत, आणि त्या गुहेचे तोंड आज पाण्याखाली 37 मीटरांवर आहे. गुहेची वार्ता 1991 मध्ये जगाला कळली. मूळ गुहा लोकांना बंद आहे, तिची प्रतिकृती मार्सेय शहरात 2022 पासून पाहता येते.

आता आपल्या वाटेविषयी. कालेलाँग या टोकाच्या वस्तीपासून कासीपर्यंतचे अंतर 25 ते 28 किलोमीटर भरते आणि भक्कम चालणाऱ्यालाही अकरा-बारा तास लागतात. सर्वांत उंच माथा साडेपाचशे मीटरांहून थोडाच अधिक आहे, म्हणून नकाशावर हे प्रकरण किरकोळ दिसते. परंतु वाट एकदाच चढून एकदाच उतरत नाही. प्रत्येक खाडीशी ती समुद्रसपाटीपर्यंत किंवा तिच्या जवळपास उतरते आणि पुन्हा कड्यावर चढते, आणि दिवसअखेर या चढ-उतारांची बेरीज सह्याद्रीतल्या चांगल्या ट्रेकइतकी होते.

आपल्या गटाला दोन गोष्टी नव्या असतील. पहिली दगडाची. सह्याद्रीचा कातळ खरबरीत असल्याने कोरड्या दिवसांत बूट त्याला धरून राहतो. चुनखडी मात्र पावलांनी घासून गुळगुळीत होते, आणि आँ-व्होच्या खाडीत उतरणाऱ्या घळीत तर हजारो लोकांनी पाय ठेवून ठेवून पायऱ्यांच्या कडा आरशासारख्या चकाकत असतात. त्यावर बारीक खडीचा घसारा पडलेला असला की अनुभवी माणूसही बसून उतरतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. झिजलेल्या तळव्याचे बूट तिथे चालणार नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. गडावर टाके असणारच या भरवशावर आपण रिकामी बाटली घेऊन चढतो. त्या डोंगरात टाके नाही, झरा नाही, ओढा नाही. पडलेला पाऊस भेगांतून सरळ आत जातो आणि जमिनीखालून वाहत पोर-मियूच्या खाडीत समुद्रपातळीखाली बाहेर पडतो. तिथली भूमिगत नदी पाणबुड्यांमध्ये प्रसिद्ध आहे, तहानलेल्याला तिचा काही उपयोग नाही. सॉर्मियू आणि मॉर्जियू या खाड्यांच्या तळाशी लहान वस्त्या आहेत, हंगामात तिथे खाणावळीही चालतात, पण त्या उघड्या असतील या आशेवर निघू नये. माणशी तीन-चार लिटर पाणी पहिल्या पावलापासून पाठीवर हवे.

माझा सल्ला असा की वाट दोन दिवसांतच करावी, पण मुक्काम शहरात ठेवून. पहिल्या दिवशी कालेलाँगहून सॉर्मियू, मॉर्जियू आणि स्युजितोंच्या खिंडीपर्यंत यावे आणि ल्युमिनीच्या विद्यापीठ परिसरात उतरून शहराची बस पकडावी. दुसऱ्या दिवशी ल्युमिनीहूनच सुरुवात करून देव्हाँसोंच्या कड्यांवरून आँ-व्हो, पोर-पँ आणि पोर-मियू करत कासीला पोचावे. देव्हाँसोंचा टप्पा सर्वांत देखणा आणि सर्वांत उघडा आहे. वायव्येचा मिस्त्राल वारा जोरात असेल तर त्या कड्यांवर जाऊ नये, कारण त्याचे झोत ताशी 100 किलोमीटरांच्याही पुढे जातात. हा वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी समुद्रात ढकलतो आणि खालचे थंड पाणी वर येते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही एका दिवसात समुद्र कित्येक अंशांनी गार होतो. घामाघूम होऊन थेट उडी मारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. कासीचे रेल्वे स्थानक गावापासून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ गाठताना तेवढे चालणेही धरावे.

कालेलाँगच्या बाजूला खडकांवर बसकी, राखाडी-हिरवी, उशीसारखी दिसणारी झुडपे आढळतील. ती काटेरी आहेत, संरक्षित आहेत, आणि स्थानिक लोक त्यांना गमतीने ‘सासूची उशी’ म्हणतात. त्यांवर बसण्याचा मोह कोणाला होणार नाही, पण पायही देऊ नये.

प्रश्न : मी लियोंमध्ये शिकतो. मागच्या जुलैत मित्रांबरोबर पहाटेची गाडी पकडून मार्सेयला गेलो, तर डोंगराच्या पायथ्याशी पहारेकऱ्याने सगळ्यांना परत पाठवले. आकाश निरभ्र होते, कोठेही धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी वाट उघडी होती, पण स्युजितोंला जायला आधी नोंदणी लागते असे सांगून पुन्हा अडवले. हा अतिरेक नाही का? (एक विद्यार्थी, लियों)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, पण पहारेकऱ्याची बाजू बळकट आहे. दोन्ही दिवशीची कारणे वेगळी होती, म्हणून ती वेगळी पाहू.

पहिल्या दिवशी वाट वणव्याच्या धोक्यामुळे बंद होती. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात जिल्हा प्रशासन दररोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा नकाशा प्रसिद्ध करते आणि प्रत्येक डोंगररांगेला धोक्यानुसार रंग देते. लाल रंग असेल तर प्रवेश बंद. हा निर्णय धूर पाहून घ्यायचा नसतो. वाऱ्याचा अंदाज, हवेतला ओलावा आणि झाडोऱ्याचा कोरडेपणा यांवरून तो घेतला जातो. निरभ्र आकाश हे तर मिस्त्रालचेच लक्षण आहे, कारण तो ढग पिटाळून लावतो आणि हवा कोरडी करतो. आपल्याला लख्ख, स्वच्छ वाटलेली सकाळ वनरक्षकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट सकाळ असू शकते.

तिथला झाडोराच असा आहे की ठिणगीला निमित्त पुरते. अलेप्पो पाइनच्या सुया, साल आणि बोंडे राळेने भरलेली असतात आणि वाळलेल्या दिवसांत अख्खे झाड तेलात भिजवलेल्या वातीसारखे पेटते. त्याच्या पायाशी रोझमेरी, थाइम आणि बुटका काटेरी ओक यांची जाळी असते. रोझमेरी आणि थाइमच्या ज्या सुगंधी तेलांचे आपण चालताना कौतुक करतो, ती तेलेही ज्वालाग्राहीच आहेत. या वनस्पतींना आग नवी नाही. पाइनची काही बोंडे आगीच्या धगीनेच उघडतात आणि ओक मुळापासून पुन्हा फुटतो. पण एकाच जागी दहा-पंधरा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा वणवा आला, तर नव्या पाइनांना पुरेसे बी धरायला वेळच मिळत नाही आणि मागे उघडा दगड राहतो. त्यावरची पातळ माती पुढच्या शरदातल्या पावसात वाहून जाते.

फ्रान्समध्ये दहापैकी नऊ वणवे माणसाच्या हातून लागतात, काही मुद्दाम आणि बरेचसे निष्काळजीपणाने. म्हणून जोराच्या वाऱ्याच्या दिवशी माणसांना आत न सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्याहून मोठे कारण सुटकेचे आहे. कालांकच्या तळाशी असलेल्या माणसाला वर येण्याची एकच वाट असते, आणि तीच पेटली तर मागे फक्त समुद्र उरतो. 8 जुलै 2025 रोजी मार्सेयच्या उत्तरेकडे लागलेल्या वणव्याने काही तासांत शहराच्या वस्तीला भिडून विमानतळही बंद पाडला. तिकडच्या अग्निशमन दलाची पिवळी-लाल विमाने समुद्रावरून घसरत जाऊन बारा सेकंदांत सुमारे 6,000 लिटर पाणी भरून घेतात. आपण पोहत असताना असे विमान दिसले तर ताबडतोब काठाशी यावे, कारण पोहणारी माणसे आडवी आली तर वैमानिकाला पाणी न भरताच निघून जावे लागते.

स्युजितोंच्या नोंदणीचे कारण आग नाही, पावले आहेत. ती खाडी विद्यापीठाच्या बसथांब्यापासून तासाभरावर असल्याने उन्हाळ्यात एकेका दिवशी 2,500 पर्यंत माणसे उतरत होती. पायवाट सोडून जो तो आपली वाट काढत होता, माती सुटून खाली जात होती आणि उतारावरच्या पाइनांची मुळे उघडी पडली होती. सन 2022 च्या उन्हाळ्यापासून उद्यानाने दिवसाला 400 जणांची मर्यादा घातली. नोंदणी विनामूल्य आहे, ती संकेतस्थळावर आधी करावी लागते आणि मोबाइलवरची खूण जागेवर तपासली जाते. त्याआधी उद्यानाने आणखी एक गमतीदार प्रयत्न केला होता. इथे गर्दी असते, उतार त्रासदायक आहे, पाणी गार आहे, अशी आपल्याच जागेची उलटी जाहिरात त्यांनी केली. पर्यटन महामंडळाने असे करावे हे आपल्याकडे कोणाच्या कल्पनेतही बसणार नाही, परंतु राजमाचीच्या वाटेवर काजव्यांच्या दिवसांत लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा आठवल्या की ही कल्पना मला फारशी वेडगळ वाटत नाही.

पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी नकाशा पाहूनच तिकीट काढावे, आणि लाल रंग दिसला तर शहरातली कॉस्केरची प्रतिकृती पाहण्यात दिवस घालवावा.

प्रश्न : आईवडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. नीसमध्ये भावाकडे महिनाभर राहणार आहोत. त्यांना समुद्राच्या अगदी कडेने, फार चढ-उतार नसलेले चालणे मिळेल का? तिथे सगळा किनारा श्रीमंतांच्या बंगल्यांनी अडवला आहे असे ऐकतो. (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : बंगले आहेत हे खरे, पण वाटही आहे, आणि ती बंगल्यांच्या भिंतींच्या बाहेरून, कोठे कोठे त्यांच्याच जमिनीवरून जाते. चोरटी आयात रोखण्यासाठी जकातीचे शिपाई पूर्वी किनाऱ्याने गस्त घालत, त्यांच्या पायवाटा हे या वाटेचे मूळ. पुढे 31 डिसेंबर 1976 च्या कायद्याने समुद्राला लागून असलेल्या खासगी मालमत्तांवर पादचाऱ्यांसाठी तीन मीटर रुंदीचा जाण्यायेण्याचा हक्क घालून दिला. मालकी मालकाचीच राहते, पण चालणाऱ्याला अडवता येत नाही. आपल्या कोकणात किनाऱ्यावरचे भूखंड ज्या वेगाने कुंपणाआड जात आहेत ते पाहता या तीन मीटरांचा हेवा वाटतो.

आपल्या आईवडिलांसाठी दोन जागा सुचवतो. नीसजवळच्या काप फेरा या भूशिराला वळसा घालणारी वाट बहुतांशी सपाट आणि बऱ्याच ठिकाणी बांधून काढलेली आहे. पूर्ण फेरी सुमारे सहा किलोमीटरांची असली तरी ती पुरी करण्याची सक्ती नाही, निम्म्यावरून परत फिरता येते. दुसरी जागा माँतोंच्या अलीकडे, काप मार्तांची. तिथे आगगाडीच्या छोट्या स्थानकावरून उतरून समुद्राकाठच्या वाटेला लागता येते. मध्ये पायऱ्या आहेत, त्यांच्यासाठी एक काठी बरोबर द्यावी. या वाटेला वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांचे नाव आहे. जेमतेम पावणेचार मीटर लांब-रुंद अशी त्यांची लाकडी खोली वाटेच्या कडेलाच आहे आणि 1965 साली इथल्याच पाण्यात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. चंदीगडचे विधानसभा आणि सचिवालय असलेले संकुल आणि ही एका खोलीची झोपडी 2016 मध्ये एकाच जागतिक वारसा नोंदीत समाविष्ट झाली आहे. आतून पाहायची असेल तर आधी नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबर जावे लागते.

एकच खबरदारी : समुद्र खवळलेला असेल तेव्हा लाटा या वाटांवर येतात आणि पालिका त्या बंद करते. साखळी ओलांडून पलीकडे जाऊ नये.

प्रश्न : स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली ती जागा या पायवाटांवरून दिसते का? (एक ज्येष्ठ वाचक, सांगली)

उत्तर : दिसत नाही. सावरकरांनी 8 जुलै 1910 रोजी मोरिया बोटीवरून उडी घेतली ती मार्सेयच्या बंदरात, आणि शहराच्या जुन्या बंदरापासून उत्तरेकडे आजचे व्यापारी बंदर पसरले आहे. पायवाटा शहराच्या नेमक्या उलट, दक्षिण टोकाला सुरू होतात. बंदराच्या धक्क्यांवर सामान्य माणसाला प्रवेश नाही. मात्र जुन्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या किल्ल्याच्या तटावरून गोद्या आणि समुद्र यांचा अंदाज येतो, आणि तेवढ्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : सहलीत पाहिलेल्या दोन-तीन किनाऱ्यांवर कुजक्या, तपकिरी पाल्याचे गुडघाभर ढीग होते. युरोपात एवढी अस्वच्छता कशी? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : ती अस्वच्छता नव्हती. पोसिडोनिया नावाची, फक्त भूमध्य समुद्रात वाढणारी वनस्पती तळावर कुरणे करून राहते. ती शेवाळ नसून फुले-फळे धरणारी खरी वनस्पती आहे आणि फ्रान्समध्ये तिला 1988 पासून संरक्षण आहे. तिची झडलेली पाने लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन साचतात आणि हिवाळ्यातल्या वादळांचा मार वाळूऐवजी स्वतःवर घेतात. ढीग उचलून नेले की पुढच्या वादळात वाळू जाते, म्हणून राखीव क्षेत्रांत ते जागेवरच ठेवतात. वास येतो, हे मान्य.

प्रश्न : आम्ही उरणच्या पाणथळीवर पक्षी पाहणारी मंडळी आहोत. कामार्गमध्ये रोहित पक्षी पायी फिरून पाहता येतात का? (एक पक्षीमित्र, उरण)

उत्तर : पाहता येतात, आणि तेही मोठे रोहित. ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने दिसतात ते बहुतांशी लहान रोहित. कामार्ग हा ऱ्होन नदीचा त्रिभुज प्रदेश असून त्यातल्या राखीव क्षेत्राचे संरक्षण 1927 पासून चालू आहे. चालण्यासाठी सर्वांत चांगला तो समुद्राचा बांध. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घातलेला हा सुमारे 20 किलोमीटरांचा बांध एका बाजूला खाऱ्या तळ्या आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या ठेवत गाशोलच्या दीपगृहाजवळून जातो. त्यावर मोटारींना बंदी आहे, सायकल चालते. सावली शून्य आहे आणि पाणीही नाही.

रोहितांची मान वाकवून उलट्या चोचीने चिखल गाळण्याची क्रिया जवळून पाहायची असेल तर सँत-मारी गावाजवळच्या पाँ द गोच्या पक्षी उद्यानात जावे. तिथे पायवाटा तळ्यांच्या अगदी काठाने नेल्या आहेत आणि पक्षी मोकळे असूनही माणसांना सरावले आहेत. दुर्बिणीशिवायही काम भागते. एप्रिल-मे चांगला काळ आहे. त्यानंतर डासांचे राज्य सुरू होते आणि उरणच्या डासांना सरावलेल्या माणसालाही ते भारी पडतात, तेव्हा अंगभर कपडे न्यावेत.

प्रश्न : आम्ही फ्रँकफर्टला राहतो. फेब्रुवारीच्या अखेरीस आठ वर्षांची मुलगी आणि कुत्रा यांना घेऊन इएरच्या बाजूला जाणार आहोत. बेटांवर चालायला जमेल का, आणि त्या दिवसांत कोणता धोका असतो? (एक मराठी कुटुंब, जर्मनी)

उत्तर : पोर्करोल बेट मुलीसाठी उत्तम आहे. जियाँच्या भूशिरावरून बोट वीसेक मिनिटांत पोचवते, वाटा रुंद आणि सौम्य आहेत, आणि उन्हाळ्यात 2021 पासून लागू असलेली दिवसाला 6,000 माणसांची मर्यादा फेब्रुवारीत कोणाला आठवतही नाही. पोर-क्रो अधिक डोंगराळ आणि अधिक राखीव आहे. तिथे 1963 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, मोटारी नाहीत, सायकलीही नाहीत. हिवाळ्यात बोटी कमी सुटतात, म्हणून परतीची शेवटची वेळ जातानाच विचारून घ्यावी. कुत्र्यांविषयीचे नियम दर राखीव क्षेत्रात वेगळे आहेत, तेव्हा बोटीचे तिकीट घेतानाच त्याचीही चौकशी करावी.

त्या दिवसांतला खरा धोका झाडावर असतो. पाइनच्या फांद्यांच्या टोकांना रेशमी धाग्यांचे पांढरे गोळे लटकलेले दिसतील. ती एका पतंगाच्या सुरवंटांची घरटी आहेत. हिवाळा सरत आला की सुरवंट घरट्यातून उतरतात आणि एकामागे एक, पुढच्याच्या शेपटीला तोंड लावून, कधी कधी कित्येक मीटर लांब रांगेने जमिनीवरून जातात. मुलांना ही रांग पाहून हात लावावासा वाटतो आणि कुत्र्यांना हुंगावीशी वाटते. सुरवंटांच्या सूक्ष्म केसांनी माणसाच्या अंगावर पुरळ उठते, डोळे सुजतात, आणि कुत्र्याची जीभ सुजून तिचा काही भाग झडू शकतो. कुत्रा पाइनच्या रानात साखळीनेच न्यावा आणि घरट्यांखाली बसून डबा उघडू नये. केस लागलेच तर चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे आणि कपडे बदलावेत. डोळ्यांना लागले तर मुलीला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. कुत्र्याने तोंड लावले असेल तर हातमोजे घालून त्याचे तोंड धुवावे आणि थांबून न पाहता थेट पशुवैद्य गाठावा. बेटावर तो मिळेलच असे नाही, म्हणून इएरमधल्या दवाखान्याचा क्रमांक बोटीत बसण्यापूर्वीच मोबाइलमध्ये भरून ठेवावा.